पदकाच्या कडेवरचे नाव

भंडारदऱ्याला अडवलेले प्रवरेचे पाणी सुटले, की ते अकोल्यावरून संगमनेरकडे धाव घेते. त्याच संगमनेर तालुक्यातील निमज या लहानशा गावाचे नाव एका दूरच्या इटालियन नदीशी कायमचे जोडले गेले आहे. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीच्या सुरुंग पेरलेल्या बांधावर जर्मन मशिनगनांचा भडिमार चालू असता मराठा लाइट इन्फंट्रीचे शिपाई नामदेव जाधव यांनी दोघा जखमी सोबत्यांना एकामागून एक पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी आणले. मग ते एकटे परत फिरले. हाताला जखम होऊन बंदूक चालवता येईना, तेव्हा त्यांनी हातबाँब फेकून शत्रूची ठाणी निकामी केली आणि बांधाच्या माथ्यावर उभे राहून मराठ्यांच्या रणघोषाने मागील तुकड्यांना पुढे बोलावले. या पराक्रमाबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १९८४ साली त्यांचे निधन झाले.

बांधापलीकडच्या सैन्याचे प्रसिद्ध पदक म्हणजे आयर्न क्रॉस. प्रशियाच्या राजाने नेपोलियनविरुद्धच्या युद्धात, १८१३ साली, तो सुरू केला. मानचिन्हासाठी सोन्याऐवजी लोखंड निवडण्यात राष्ट्राच्या त्यागाची भावना होती. मधोमध काळे केलेले लोखंड आणि भोवती चांदीची चौकट, अशी त्याची घडण असे. १८१३, १८७०, १९१४ व १९३९ अशी चार युद्धांची साले त्यावर आढळतात. जाणकार संग्राहक या सालांवरून काळ ठरवतो, चौकटीचा सांधा न्याहाळतो, लोहचुंबक लावून पाहतो. कारण एकसंध ओतलेल्या नकला बाजारात विपुल आहेत. १९३९ च्या क्रॉसवर नाझींचे स्वस्तिकचिन्ह होते. १९५७ च्या कायद्याने पश्चिम जर्मनीने जुन्या सैनिकांना ते चिन्ह वगळलेले पदक लावण्यास मुभा दिली. पदकाचे काटेकोर वर्णन करणे म्हणजे त्यामागील राजवटीचा गौरव करणे नव्हे, हा विवेक संग्राहकाने सुटू देता कामा नये.

तथापि या दोन परंपरांत एक मोठा फरक आहे. आयर्न क्रॉस लक्षावधी सैनिकांना दिला गेला आणि त्यावर सामान्यतः सैनिकाचे नाव नसे. सोबतचा कागद हरवला, की ते पदक मुके होते. याउलट व्हिक्टोरिया क्रॉसच्या मागील अंगावर वीराचे नाव, पलटण व पराक्रमाची तारीख कोरलेली असते. पहिल्या महायुद्धातील सामान्य सैनिकाच्या चांदीच्या ब्रिटिश युद्धपदकाच्या कडेवरही क्रमांक, नाव व तुकडी उमटवलेली असे. त्या पदकावरील घोडेस्वाराच्या घोड्याच्या टापेखाली शत्रुसत्तांची गरुडांकित ढाल तुडवलेली दिसते. भंडारदऱ्याच्या धरणाचे काम (१९१० ते १९२६) चालू असतानाच ते महायुद्ध पेटले आणि शमले.

असे पदक एखाद्या पेटीच्या तळाशी सापडले, तर त्याचे पुढे काय होते? कोणी ते सोनाराच्या तराजूवर ठेवतो आणि तोळ्याच्या हिशेबाने ते मुशीत जाते. कोणी प्रेमाने चिंच-राखेने घासतो आणि कडेवरची अक्षरे स्वतःच्या हाताने पुसून टाकतो. हेतू भिन्न असले, तरी परिणाम एकच. चांदीचे मोल काही रुपये असेल. परंतु त्या दोन ओळींबरोबर आजोबा कोणत्या पलटणीत होते, हे सांगणारा घरातला अखेरचा पुरावा जातो.

अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात लढाईची अवजड यंत्रे १९९४ पासून जतन केलेली आहेत. पोलाद आपले रक्षण स्वतः करू शकते. तळहातावर मावणारे पदक करू शकत नाही. त्यासाठी फार मोठा खर्चही नको. पदक न घासता त्याच्या दोन्ही अंगांचे व कडेचे छायाचित्र घ्यावे, धातू, फीत व अक्षरे जशीच्या तशी उतरवून ठेवावीत, आणि त्या नोंदीची एक प्रत गावच्या ग्रंथालयात द्यावी. शाळेतील मुलेही हे काम उत्तम करतील. शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तू परदेशी जाऊ नयेत म्हणून १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. मात्र मुशीत वितळणाऱ्या नावाला कोणताही कायदा वाचवू शकत नाही.

जर्मन सैनिकाचे निनावी पदक अभ्यासण्यासाठी जगभरचे संग्राहक भिंग घेऊन बसतात. प्रवरेकाठच्या पदकांवर तर नावे आहेत. ती वाचण्याएवढी सवड तरी त्यांच्या वारसांनी काढावयास हवी.