कडक करून पाहावा असा चहा

चीनच्या फुजियान प्रांतातल्या वूयी पर्वतात होणारा ऊलाँग चहा पिणारे लोक पत्ती पाण्यात फार वेळ ठेवत नाहीत. गायवान नावाच्या झाकणाच्या छोट्या वाटीत सात-आठ ग्रॅम पत्ती घालायची, वर उकळतं पाणी ओतायचं आणि काही सेकंदांत चहा गाळून घ्यायचा. पत्ती चांगली असेल तर असे सात-आठ घाणे सहज निघतात.

चहाचा परीक्षक मात्र याच्या उलट वागतो. 110 मिलिलिटरच्या वाटीत 5 ग्रॅम पत्ती, तसंच उकळतं पाणी, पण पहिल्यांदा 2 मिनिटं, मग 3, मग 5. असा चहा आवडीनं कोणी पिणार नाही. झटपट गाळलेल्या चहात दोष झाकले जातात. पाच मिनिटं मुरलेल्या चहात ते सगळे वर येतात.

आधी वास, तोही पेल्याचा नव्हे, झाकणाच्या आतल्या बाजूचा. पहिल्या वेळी करपट, कुबट असं काही नाही ना ते कळतं, दुसऱ्या वेळी सुगंधाची जात आणि तिसऱ्या वेळी तो किती टिकतो ते. मग चमच्यानं चहा घेऊन जोरात फुरका मारायचा, म्हणजे हवेबरोबर वास नाकापर्यंत पोचतो. बशीत चहा ओतून फुरके मारणाऱ्या आपल्या आजोबांना इथे कोणी दटावलं नसतं.

तुरटपणा असतोच. प्रश्न एवढाच की तो जिभेवर ठाण मांडतो, की विरघळून घशात गोडवा ठेवून जातो. खडकाळ घळींत वाढलेल्या झाडांच्या चहात याखेरीज एक खनिज चव मागे रेंगाळते. तिला तिथे ‘यान-यून’ म्हणतात आणि भाव तिचाच असतो.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे भाजणी. वूयीचा चहा कोळशाच्या धगीवर भाजतात; जास्त भाजला की सामान्य पत्तीचे दोष धगीच्या वासाखाली दडपतात. ताज्या भाजलेल्या चहाला नुसती आगीची चव येते, म्हणून तो काही महिने मुरू देतात. शेवटी भिजलेली पत्ती पसरून पाहावी. करपलेली पत्ती नीट उलगडतच नाही. चांगल्या पत्तीच्या कडा लालसर दिसतात, कारण पानं हलवून-घोळवून त्या मुद्दाम दुखावलेल्या असतात.

नावावर मात्र भरवसा ठेवू नये. ‘दा हाँग पाओ’ या वूयीच्या नामांकित चहाची कड्यावरची सहा मूळ झुडपं 2006 पासून खुडलीच जात नाहीत. आधीच्या खुडणीतला 20 ग्रॅम चहा 2007 मध्ये बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेला. बाजारात या नावानं मिळतं ते बहुतेक वेळा रोउग्वेइ, श्वेइश्येन अशा जातींचं मिश्रण. ते वाईट नसतं, मिश्रण जमवणं हीही कसबी माणसाची कामगिरी आहे. पण त्यासाठी मूळ झुडपांची दंतकथा सांगून भाव चढवणाऱ्याकडे आधी नमुना मागावा आणि तो पाच मिनिटं मुरवून प्यावा.