सप्तशृंगी गडाची पायी वारी वर्षभर पुरते का?

चैत्र लागला की धुळे-जळगावकडून नाशिक जिल्ह्यात जाणाऱ्या रस्त्यांवर भगवे झेंडे दिसू लागतात. रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत वणीच्या सप्तशृंगी गडावर चैत्रोत्सव असतो आणि खान्देशातून हजारो माणसं तिथे पायी जातात. धुळ्याहून हे अंतर शंभर किलोमीटरच्या वर, जळगावहून दोनशेच्या वर. सोबत सामानाचा टेम्पो, त्यावर देवीची गाणी आणि डोक्यावर रणरणतं ऊन. वर जायला आता ट्रॉली आहे, तरी पाचशेच्या आसपास पायऱ्या चढून जाणारे भरपूर असतात.

म्हणजे चालायचं कसं, हे इथल्या माणसाला शिकवायची गरज नाही. गंमत पुढे आहे. गडावरून परतलेला हाच माणूस दुसऱ्या दिवशी चौकातून कोथिंबीर आणायला गाडी काढतो.

निम्मा देश बसून

'आयसीएमआर'च्या एका मोठ्या पाहणीत महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंदीगडमधल्या लोकांना त्यांच्या हालचालींबद्दल विचारलं गेलं. २०१४ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार त्यातले ५४.४ टक्के लोक 'निष्क्रिय' गटात मोडत होते. शहरात हे प्रमाण ६५ टक्के होतं, पण खेड्यातही ५० टक्के होतं. मोकळ्या वेळात व्यायाम करणारे किंवा खेळणारे दहा टक्केही नव्हते. २०२४ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेला अंदाजही असाच आहे. भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत, त्यात महिला ५७ टक्के आणि पुरुष ४२ टक्के. देशात मधुमेहाचे रुग्ण १० कोटींच्या वर गेले आहेत, ते याच काळात.

खेड्यात निम्मे लोक निष्क्रिय कसे, असा प्रश्न पडेल. रावेर-यावलच्या केळीच्या बागा बघा. ठिबक आलं, रात्री उठून पाणी भरायचं काम गेलं. विहिरीवरची मोटार मोबाईलवरून सुरू होते. नांगरटीला ट्रॅक्टर आहे. कष्ट कमी झाले हे चांगलंच झालं, त्याबद्दल कुणी हळहळू नये. पण त्या कष्टांसोबत जी हालचाल आपोआप व्हायची तीही गेली आणि तिच्या जागी काही आलं नाही.

व्यायामाचं वाळवण होत नाही

खान्देशात उन्हाळ्यात बिबडे, पापड, कुरडया करून डबे भरले की वर्षाची सोय होते. व्यायामाचं तसं नाही, आणि त्याचं कारण स्नायूंमध्ये आहे.

चालताना स्नायू रक्तातली साखर खेचून घेतात. त्यासाठी त्यांना नेहमीसारखं इन्सुलिनवर अवलंबून राहावं लागत नाही. चालणं थांबल्यावरही शरीर इन्सुलिनला चांगला प्रतिसाद देत राहतं, पण हा परिणाम साधारण एक-दोन दिवसच टिकतो. दोन-तीन आठवडे बसून काढले तर कमावलेला दमही उतरू लागतो. चैत्रात केलेली पदयात्रा साखरेच्या हिशेबात वैशाखापर्यंतही पोहोचत नाही.

उलट वर्षभर बसून एकदम दोनशे किलोमीटर चालण्यात धोका असतो. मधुमेह जुना असेल तर पायांची संवेदना कमी झालेली असते. फोड आला तरी कळत नाही आणि जखम चिघळते. अशांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावं, सराव माघ-फाल्गुनातच सुरू करावा आणि वाटेत रोज रात्री तळपाय बघावेत.

किती चालायचं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनेप्रमाणे प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम वेगाची हालचाल करावी. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं, पण अहिराणी गाणं म्हणायला गेलं तर दम लागतो. शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकद लागेल असं काहीतरी करावं. पूर्वी 'सलग दहा मिनिटं तरी हवीत' अशी अट होती, ती आता नाही. शेतातलं काम, पाणी वाहणं, घरकाम हेही धरलं जातं. त्यामुळे दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाईला 'जरा चालत जा' असं सांगणाऱ्याने आधी तिचा दिवस मोजावा. सल्ल्याची खरी गरज आहे ती दुकानाच्या गल्ल्यावर, कार्यालयात किंवा घरात दिवसभर बसून असणाऱ्याला.

आणि दहा हजार पावलांचं काय? तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्राच्या नावातून आला. साठीपुढच्यांना सहा ते आठ हजार पावलांतच बहुतेक फायदा मिळतो, असं नंतरच्या अभ्यासांत दिसलं आहे.

४४ अंशांत कोण चालणार?

जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. तिथे 'रोज सकाळी आठला फिरायला जा' हा सल्ला कुचकामी आहे. चालायचं तर सूर्य उगवायच्या आत, नाहीतर रात्री जेवणानंतर. आजी जिला शतपावली म्हणायची, तिच्या बाजूने आता पुरावाही आहे. न्यूझीलंडच्या ओटॅगो विद्यापीठाने ४१ मधुमेही रुग्णांवर प्रयोग केला. दिवसातून एकदाच अर्धा तास चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. चालीसगाव असो की शिरपूर, ही दहा मिनिटं गल्लीतही होतात.

गल्लीत दिवा हवा, एवढंच. जळगावात मेहरूण तलावाचा काठ आहे, पण तो सगळ्यांच्या घराजवळ नाही. बाकी शहराच्या मधून महामार्ग गेलेला, त्यामुळे समांतर रस्त्यांसाठी लोकांना आंदोलनं करावी लागली. धुळ्यात तर मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर असे दोन महामार्ग येऊन मिळतात. भरधाव ट्रकच्या शेजारून कुणी शतपावली करत नाही. फूटपाथवर उभ्या गाड्या, अंधारे कोपरे, मागे लागणारी कुत्री यांमुळे बायका संध्याकाळचं फिरणं सोडून देतात. वॉर्डाच्या नगरसेवकाकडे मागायच्या गोष्टी फार महागही नाहीत: चालू दिवे, मोकळा फूटपाथ आणि संध्याकाळी दोन तास उघडं राहणारं शाळेचं मैदान.