विमानाचा तोल

गाडीवान गाडी भरू लागला, म्हणजे ओझे किती झाले याबरोबरच ते कोठे ठेवले गेले, याकडेही त्याचे लक्ष असते. पोती मागे अधिक झाली, की गाडी उलाळ होते. जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला पट्टा काचू लागतो. पुढे अधिक झाली, की गाडी धुरजड होते व सारा भार बैलांच्या मानेवर येतो. अशा वेळी एखाददुसरे पोते हातभर सरकविले, तरी गाडी सुखाने चालू लागते.

विमानालाही हाच नियम लागू आहे. मात्र उलाळ झालेली गाडी रस्त्यावर थांबविता येते. आकाशातील विमानाला तशी सोय नसते.

लाकडी पट्टी बोटावर तोलून धरली, तर एका विशिष्ट जागी ती स्थिर राहते. तिचे सारे वजन जणू त्या एका बिंदूत एकवटलेले असते. या बिंदूला गुरुत्वमध्य म्हणतात. विमानाचा गुरुत्वमध्य, पंखांना वर उचलणारा हवेचा जोर जेथे एकवटतो त्या जागेच्या किंचित पुढे असावा लागतो. त्यामुळे विमानाचे नाक खाली झुकू पाहते, आणि शेपटीचे आडवे पंख शेपटीला थोडेसे खाली दाबून तोल राखतात. अशा विमानाचे नाक वाऱ्याच्या झोताने वर उचलले गेले, तरी ते आपोआप पूर्वस्थितीला येते.

नाकाकडे भार फार झाला, तर विमान जमिनीवरून लवकर उठत नाही. धावपट्टी अपुरी पडण्याची भीती असते. शेपटीकडचा जादा भार याहूनही घातक. मग नाक वर वर जाऊ लागते. ते एका मर्यादेपलीकडे गेले, की पंखांवरून सरळ वाहणारी हवा विस्कटते, उचलणारा जोर एकाएकी घटतो आणि विमान कोसळू लागते. वैमानिक नाक खाली आणण्याची शिकस्त करतो. पण शेपटीच्या पंखांत तेवढी शक्ती उरलेली नसते.

जर्मनीतील ओटो लिलिएंथाल यांच्या उडत्या यंत्राला इंजिन नव्हते. पंखांखाली लोंबकळत, आपले शरीर पुढेमागे झुकवून ते तोल सांभाळीत. अशी दोन हजारांवर उड्डाणे त्यांनी केली. ९ ऑगस्ट १८९६ रोजी मात्र यंत्राचे नाक वर झाले आणि ते उंचावरून खाली पडले. दुसऱ्या दिवशी त्यांचा अंत झाला.

आज हा हिशेब उड्डाणापूर्वी कागदावर किंवा संगणकावर होतो. रीत सोपी आहे. नाकापासून प्रत्येक वस्तूचे अंतर मोजावयाचे, त्याने तिच्या वजनाला गुणावयाचे, सर्व गुणाकारांची बेरीज करावयाची आणि तिला एकूण वजनाने भागावयाचे. समजा, ९५० किलोंचा भार १ मीटरवर आहे आणि ५० किलोंच्या पेट्या ३ मीटरवर आहेत. गुणाकार अनुक्रमे ९५० व १५०, बेरीज ११००. तिला १००० ने भागले, की गुरुत्वमध्य १.१ मीटरवर येतो. एकूण वजनाच्या विसाव्या हिश्श्याने तो १० सेंटिमीटर मागे ओढला! सेस्ना १७२ या चार आसनांच्या विमानात गुरुत्वमध्याला हलण्यास जास्तीत जास्त सुमारे एक फूट जागा असते. वजन वाढत गेले, की तीही आखडते. लहान विमानात एखाद्या प्रवाशास जागा बदलावयास सांगतात, ते याचसाठी.

परंतु हिशेबात घातलेले आकडेच खोटे असतील तर? ८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेतील शार्लट येथून १९ प्रवासी व २ वैमानिक घेऊन एक लहान विमान निघाले. कागदावरील भार नियमात बसत होता. मात्र प्रवाशांना तराजूवर उभे केले नव्हते. प्रत्येकाचे वजन ठरीव सरासरीने धरले होते, आणि ती सरासरी केव्हाच मागे पडली होती. प्रत्यक्षात विमान जड होते व त्याचा गुरुत्वमध्य मागच्या सीमेच्याही मागे गेला होता. त्यातच दोन दिवसांपूर्वीच्या दुरुस्तीत शेपटीवरील हलत्या फळीची तार चुकीची बसविली गेल्याने नाक खाली आणण्याची ताकद कमी झाली होती. यांपैकी एकच दोष असता, तर कदाचित निभावले असते. विमान उठले, नाक उंच उंच गेले आणि मिनिटभरही झाले नाही तोच ते विमानतळावरील एका इमारतीवर आदळले. एकवीसही जण दगावले.

या अपघातानंतर लहान विमानांतील प्रवाशांची खरी वजने घेऊन पाहण्यात आली, आणि सरासरीचे जुने आकडे वाढविण्यात आले.