नजर बसते, की आपल्याला तसं नुसतं वाटतं?

२ एप्रिल २०२३, डॅलस. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या महिला बास्केटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना. एका बाजूला आयोवा, दुसऱ्या बाजूला लुइझियाना स्टेट विद्यापीठ, म्हणजे एलएसयू. सगळ्यांचे डोळे आयोवाच्या केटलिन क्लार्कवर. उपांत्य सामन्यात तिने एकटीने ४१ गुण करून तोवर एकही सामना न हरलेल्या साउथ कॅरोलायनाला घरी पाठवलं होतं. अंतिम सामन्यातही तिने ३० गुण केले, ८ थ्री-पॉइंटर मारले. आणि तरीही आयोवा हरली, १०२-८५ अशी!

घडलं ते वेगळ्याच खेळाडूच्या हातून. पहिल्या हाफमध्ये एलएसयूची हुकमी खेळाडू एंजल रीस फाउलमुळे बाहेर बसली होती. तेव्हा बेंचवरून आलेल्या जॅस्मिन कार्सनने फेकलेला प्रत्येक चेंडू जाळीत गेला. पहिल्या हाफमध्ये ७ पैकी ७, त्यातले ५ थ्री-पॉइंटर. शेवटचा तर हाफ संपता संपता, फळीवर आपटून आत! एकूण २२ पैकी २१ गुण तिने याच हाफमध्ये केले. मध्यंतराला एलएसयू ५९-४२ अशी पुढे होती, आणि एलएसयूला बास्केटबॉलचं पहिलंवहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळणार हे जवळपास ठरलं होतं.

क्रिकेटवर वाढलेल्या आपल्यासारख्यांकडे अशा खेळासाठी शब्द तयार असतो: "नजर बसली." बास्केटबॉलवाले याला 'हॉट हँड' म्हणतात. एकदा हात तापला की पुढची फेकही आत जाण्याची शक्यता वाढते, ही ती समजूत. प्रश्न असा, की हे खरं असतं का? की नशिबाच्या उलटसुलट खेळात आपल्याला उगाचच रांग दिसते?

१९८५ मध्ये थॉमस गिलोविच, रॉबर्ट व्हॅलोन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी हा प्रश्न आकड्यांनी सोडवायचं ठरवलं. आधी त्यांनी चाहत्यांना विचारलं. १०० पैकी ९१ जण म्हणाले, दोन-तीन बास्केट लागोपाठ पडल्या की पुढची पडण्याची शक्यता वाढते. मग त्यांनी फिलाडेल्फियाच्या व्यावसायिक संघाच्या नोंदी तपासल्या. तिथे असं काही दिसलं नाही.

पण प्रत्यक्ष सामन्यात एक अडचण असते. जिचे चेंडू आत जाताहेत तिच्यावर प्रतिस्पर्धी जास्त लक्ष ठेवतात, आणि ती स्वतःही जास्त अवघड फेकी करू लागते. म्हणजे हात तापला असला तरी आकडा वाढेलच असं नाही. म्हणून संशोधकांनी कॉर्नेल विद्यापीठाच्या संघांतले २६ खेळाडू घेतले, १४ मुलगे आणि १२ मुली. कोणी अडवायला नाही; ज्या अंतरावरून साधारण निम्मे चेंडू आत जातात तिथून प्रत्येकाने सुमारे १०० वेळा फेकायचं. निकाल असा: तीन लागोपाठ बास्केटनंतर पुढची पडण्याचं प्रमाण सरासरी ४९ टक्के, आणि तीन लागोपाठ हुकल्यावर ४५ टक्के. फरक नगण्य. निष्कर्ष निघाला, की हॉट हँड हा भ्रम आहे. पुढची तीस वर्षं माणसाचं मन कसं फसतं याचा नमुना म्हणून हे उदाहरण वर्गावर्गांत सांगितलं गेलं. खेळाडू आणि प्रशिक्षक हसत राहिले, शास्त्रज्ञ मान हलवत राहिले.

आता खिशातलं एक नाणं काढा. ते तीनदा उडवायचं आहे. छाप्यानंतर पुन्हा छापा किती वेळा पडतो, एवढंच मोजायचं. तुम्ही म्हणाल, अर्ध्या वेळा, त्यात काय मोठंसं? मोजून बघू.

तीन वेळा नाणं उडवलं तर ८ शक्यता असतात. त्यातल्या दोन आपल्या कामाच्या नाहीत (काटा-काटा-काटा आणि काटा-काटा-छापा), कारण त्यांत छाप्यानंतर काही येतच नाही. उरल्या ६. छापा-छापा-छापा: १०० टक्के. छापा-छापा-काटा: ५०. छापा-काटा-छापा: ०. छापा-काटा-काटा: ०. काटा-छापा-छापा: १००. काटा-छापा-काटा: ०. बेरीज २५०, भागिले ६. उत्तर येतं सुमारे ४२ टक्के. पन्नास नव्हे!

नाण्यात खोट नाही. सगळ्या ओळी एकत्र करून मोजलं तर छाप्यानंतरच्या ८ फेकींपैकी ४ छापे आहेत, बरोबर निम्मे. घोळ होतो तो प्रत्येक ओळीची टक्केवारी वेगळी काढून मग सरासरी घेताना. तीन छाप्यांच्या ओळीत मोजण्याजोग्या दोन फेकी आहेत आणि छापा-काटा-काटामध्ये एकच, तरी दोघींना वजन सारखंच मिळतं. छापे एका ओळीत गर्दी करतात, आणि ती ओळ एकदाच मोजली जाते.

जोशुआ मिलर आणि अॅडम सानहुर्हो या अर्थशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये 'इकॉनोमेट्रिका'त नेमकं हेच दाखवून दिलं. नाणं १०० वेळा उडवलं, तर तीन लागोपाठ छाप्यांनंतर छाप्याचं प्रमाण सरासरी ५० नव्हे, ४६ टक्क्यांच्या आसपास येतं. आणि तीन काट्यांनंतर ५४ च्या. म्हणजे हॉट हँड नसताच, तर कॉर्नेलच्या खेळाडूंच्या आकड्यांत उणे ८ चा फरक दिसायला हवा होता. दिसला अधिक ४ चा. ही दुरुस्ती केल्यावर तोच जुना प्रयोग सांगतो, की तीन बास्केटनंतर आणि तीन हुकल्यानंतर यांत दहा टक्क्यांहून जास्त अंतर आहे. हॉट हँड त्या आकड्यांतच होता, तीस वर्षं.

मग कार्सनची नजर बसली होती का? इथे जरा थांबा. समजा एखादी खेळाडू तीनपैकी एक थ्री-पॉइंटर मारते. तिचे पाचही आत जाण्याची शक्यता २४३ मध्ये १. फार दुर्मीळ वाटतं. पण अमेरिकेत वरच्या श्रेणीत साडेतीनशेच्या आसपास महिला संघ आहेत, आणि प्रत्येकाचे हंगामात तीसेक सामने. इतक्या संध्याकाळींत कुणा ना कुणाच्या वाट्याला असा दिवस नुसत्या योगायोगानेही येतोच. शिवाय आयोवाचं लक्ष तिच्यावर कितपत होतं, हाही प्रश्न आहेच. एका सामन्यावरून हो किंवा नाही सांगता येत नाही. हॉट हँड असतो हे सिद्ध होणं वेगळं, आणि तो त्या संध्याकाळी होता हे सिद्ध होणं वेगळं.

मला या गोष्टीत महत्त्वाचं वाटतं ते असं. शास्त्रज्ञांनी लोकांच्या समजुती तपासाव्यात, त्यासाठीच तर आम्हाला पगार मिळतो. पण हजारो तास मैदानावर घालवलेली माणसं एका सुरात काही सांगत असतील, तर "तुम्हाला भास होतोय" असं म्हणण्याआधी आपली मोजपट्टी पुन्हा एकदा तपासावी. इथे चूक खेळाडूंच्या मनात शोधली गेली आणि सापडली ती सरासरीत. चाहतेही पूर्ण बरोबर नव्हते म्हणा. निम्म्या फेकी आत जाणारा खेळाडू एका बास्केटनंतर ६१ टक्के आणि एकदा हुकल्यावर ४२ टक्के यशस्वी होईल, असा त्यांचा अंदाज होता, आणि तो जास्तच उदार होता. परिणाम खरा, पण वाटतो त्यापेक्षा छोटा.

पुढच्या मार्चमध्ये ही स्पर्धा बघाल, तेव्हा बेंचवरून येणाऱ्या मुलीकडे लक्ष ठेवा. तिचे दोन चेंडू लागोपाठ आत गेले, की संघातल्या बाकीच्या तिला पास देऊ लागतील. त्या तसं का करतात, ते आता गणितालाही पटलं आहे.