वजूचे पाणी आणि कोळशाची खाण

जकार्ता : या शहराच्या उत्तर टोकाला मुआरा बारू नावाची वस्ती आहे. समुद्र आत येऊ नये म्हणून तिथे उंच काँक्रीटची भिंत बांधली आहे. त्या भिंतीपलीकडे, समुद्राच्या बाजूला, वाल अधुना नावाची एक मशीद पाण्यात उभी आहे. तिथला नमाज थांबला त्याला दोन दशके उलटली. बोअरवेलमधून अखंड चाललेल्या उपशामुळे उत्तर जकार्ताची जमीन खचत गेली, काही ठिकाणी तर वर्षाला 20 सेंटिमीटरहूनही जास्त. त्यात तापणाऱ्या पृथ्वीमुळे समुद्राची पातळीही वाढते आहे. हवामानबदल म्हणजे काय हे इथल्या माणसाला नकाशावर दाखवावे लागत नाही. त्यामागे माणसाचा हात आहे, हे मात्र समजावून सांगावे लागते. पूर आला की ‘अल्लाहची मर्जी’ म्हणून मोकळे होण्याची सवय जुनी आहे.

हे समजावणार कोण? इंडोनेशियाची लोकसंख्या सुमारे 28 कोटी आणि त्यातले 87 टक्के मुसलमान. सरकारी परिपत्रक गावाच्या कचेरीपर्यंत पोचते. शुक्रवारचा खुतबा, म्हणजे मशिदीतले प्रवचन, घराघरात पोचतो. 1912 साली स्थापन झालेली मुहम्मदिया आणि 1926 सालची नहद्लातुल उलामा या दोन संघटनांचे कोट्यवधी अनुयायी आहेत. शाळा, विद्यापीठे, दवाखाने असा त्यांचा पसारा गावोगाव आहे. त्यामुळे पर्यावरणाचे शिक्षण मशिदीच्या दारातून आत न्यायचे, असा इथल्या जाणत्यांनी विचार केला.

सुरुवात फतव्यांपासून झाली. इंडोनेशियन उलेमा परिषदेने 2014 मध्ये दुर्मिळ प्राण्यांची बेकायदा शिकार आणि व्यापार हराम ठरवला. 2015 मध्ये सुमात्रा आणि बोर्निओतल्या जंगलांना आणि पीटच्या दलदलींना लागलेल्या आगींत सुमारे 26 लाख हेक्टर जमीन जळाली. धूर सिंगापूर-मलेशियापर्यंत गेला. पुढच्याच वर्षी जंगल आणि जमीन जाळण्याविरुद्ध फतवा निघाला. 2023 च्या फतव्याने तर हवामानाचे संकट वाढवणारी जंगलतोड आणि जाळपोळच हराम ठरवली. फतवा हा काही कायदा नव्हे, तो मोडणाऱ्याला पोलीस धरत नाहीत. पण माणूस पृथ्वीचा मालक नसून विश्वस्त आहे आणि सृष्टीचा तोल ईश्वराने राखायला दिला आहे, हे कुराणातले विचार त्यामुळे मदरशातून बाहेर पडून रोजच्या बोलण्यात आले. जकार्ताच्या राष्ट्रीय विद्यापीठातले अभ्यासक फखरुद्दीन मांगुनजाया गेली अनेक वर्षे याच कामात आहेत. उलेमांना शास्त्र कळावे आणि शास्त्रज्ञांना उलेमांची भाषा, अशी त्यांची खटपट आहे.

शिकवण नुसती कानावर पडून रुजत नाही, ती हाताला लागावी लागते. याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे इस्तिक्लाल मशीद. 1978 साली खुली झालेली ही राष्ट्रीय मशीद एका ख्रिस्ती वास्तुविशारदाने, फ्रेडरिक सिलाबान यांनी, आखली आणि ती कॅथलिक कॅथेड्रलच्या समोरच उभी आहे. अलीकडच्या नूतनीकरणात तिच्या छतावर 500 हून अधिक सौर पॅनेल बसले, नळांची धार कमी झाली आणि वजूचे, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याचे, पाणी पुन्हा वापरात येऊ लागले. 2022 मध्ये तिला आंतरराष्ट्रीय ‘एज’ हरित प्रमाणपत्र मिळाले. हा मान मिळवणारे हे जगातले पहिले प्रार्थनास्थळ. ज्या शहराची जमीन भूजल उपसल्यामुळे खचते, तिथे मंद धारेखाली हातपाय धुणारा माणूस एक शब्दही न ऐकता धडा घेतो. 5 सप्टेंबर 2024 रोजी पोप फ्रान्सिस आणि इमाम नसरुद्दीन उमर यांनी याच मशिदीत संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. त्यात माणुसकीचा ऱ्हास आणि हवामानबदल ही आजची दोन मोठी संकटे मानली आहेत.

खेड्यांत हे काम निवासी मदरसे करतात. त्यांना इथे पेसांत्रेन म्हणतात. मदुरा हे बेट कोरडे. तिथल्या अन्नुकाया पेसांत्रेनने झाडे लावून उजाड जमीन सावरली आणि 1981 मध्ये ‘कल्पतरू’ हा राष्ट्रीय पर्यावरण पुरस्कार मिळवला. पश्चिम जावातल्या गारुत इथे निसा वारगादिपुरा यांच्या अथ-थारिक पेसांत्रेनमधली मुले कुराण शिकतात, तशीच भातशेती करतात आणि देशी बियाणे जपतात. आचेमध्ये आणि बोगोरजवळ लोक वर्गणी काढून जमीन घेतात आणि ती जंगलासाठी वक्फ, म्हणजे धर्मार्थ कायमची दान, करतात. वक्फ केलेली जमीन विकता येत नाही, म्हणून त्या झाडांना कुऱ्हाडीपासून धर्माचेच संरक्षण मिळते.

पण या साऱ्या शिकवणीची कसोटी 2024 मध्ये आली. इंडोनेशिया हा औष्णिक कोळशाचा जगातला सर्वांत मोठा निर्यातदार. त्या वर्षीच्या मे महिन्यात सरकारने नियम बदलला आणि धार्मिक संघटनांना खाणी चालवण्याची दारे उघडली. नहद्लातुल उलामाने देकार स्वीकारला. पूर्व कालिमंतानातल्या कालतिम प्रिमा कोल या कंपनीने सोडलेले खाणक्षेत्र तिच्या वाट्याला येणार असे जाहीर झाले. शाळा-मदरसे चालवायला पैसा लागतो, हे तिचे म्हणणे खोटे नाही. दोन महिन्यांनी मुहम्मदियानेही होकार दिला. अपाय दिसला तर खाण परत करू, असे वचनही दिले. कॅथलिक बिशपांच्या परिषदेने आणि सुमात्रातल्या बाताक प्रोटेस्टंट चर्चने मात्र नकार कळवला.

मुंबईच्या वाचकाने हे परक्याचे भांडण समजू नये. ट्रॉम्बेच्या वीज केंद्रात इंडोनेशियाचा कोळसा जळत आला आहे आणि त्याच कालतिम प्रिमा कोलमध्ये 2007 पासून टाटा पॉवरची भागीदारी आहे. आपल्या देवळांतले, मशिदींतले, चर्चमधले दिवे याच व्यवहाराच्या एका टोकाला लागलेले आहेत.

ज्या संघटनेने अनुयायांना विश्वस्तपण शिकवले, तिनेच खाण घेतली तर शिकवण वाया गेली का? मला तसे वाटत नाही. या निर्णयाला सर्वांत ठाम विरोध घरातूनच झाला. मुहम्मदियाच्या तरुणांचा ‘कादेर हिजाउ’ हा हरित गट उघड विरोधात उभा राहिला. नहद्लातुल उलामाच्या तरुण मंडळींनीही आपल्या वडीलधाऱ्यांना जाब विचारला, तोही त्यांच्याकडूनच शिकलेल्या धर्माच्या आधारे. निर्णय फिरला नाही. पण धर्मसमुदायातले शिक्षण खरे झाले की नाही, हे सौर पॅनेल मोजून कळत नाही. शिकलेला माणूस आपल्याच पीठाला प्रश्न विचारू लागला की ते कळते. इंडोनेशियात तो प्रश्न विचारला गेला आहे आणि आता त्याला उत्तर देण्याची जबाबदारी मिंबरवर, मशिदीतल्या प्रवचनाच्या व्यासपीठावर, उभ्या राहणाऱ्यांची आहे.