मार्व्हलने विसरलेलं ऋण

७ नोव्हेंबर २०२५ ही तारीख मार्व्हलच्या नव्या ‘ब्लेड’ सिनेमासाठी राखून ठेवली होती. त्या दिवशी पडद्यावर आला ‘प्रिडेटर: बॅडलँड्स’. मार्व्हलची मालक असलेल्या डिस्नेने ऑक्टोबर २०२४ मध्येच आपल्या वेळापत्रकातून ब्लेडचं नाव काढून टाकलं होतं, तेव्हा धक्का बसण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण तो शुक्रवार कोरडा गेला आणि जुनी जखम पुन्हा भळभळली. ज्या पात्राने मार्व्हलला सिनेमाच्या धंद्यात पाय रोवायला जागा करून दिली, त्यालाच आज त्या घरात जागा नाही.

आरंभीची वर्षं भराभर सांगून टाकतो. अमेरिकी कॉमिक्सवर १९५४ पासून आचारसंहितेचा बडगा होता आणि त्यात व्हॅम्पायर निषिद्ध होते. १९७१ मध्ये नियम सैल झाले आणि पुढच्याच वर्षी मार्व्हलने ‘द टूम्ब ऑफ ड्रॅक्युला’ सुरू केलं. जुलै १९७३ च्या दहाव्या अंकात लेखक मार्व्ह वुल्फमन आणि चित्रकार जीन कोलन यांनी व्हॅम्पायरांची शिकार करणाऱ्या ब्लेडला आणलं. हिरवा कोट, डोळ्यांवर मोठा गॉगल, छातीवरच्या पट्ट्यात लाकडी सुरे. पुढची वीसेक वर्षं तो दुय्यम पात्र म्हणूनच राहिला. मार्व्हलचा ‘हॉवर्ड द डक’ १९८६ मध्ये सपशेल पडला होता, डिसेंबर १९९६ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि १९९७ च्या ‘बॅटमन अँड रॉबिन’ने तर सुपरहिरोच्या सिनेमाची अब्रूच घालवली.

अशा पडत्या काळात, २१ ऑगस्ट १९९८ रोजी, न्यू लाइन सिनेमाने ‘ब्लेड’ प्रदर्शित केला. दिग्दर्शक स्टीफन नॉरिंग्टन, लेखक डेव्हिड गॉयर आणि नायक वेस्ली स्नाइप्स. ‘ब्लॅक पँथर’वर सिनेमा व्हावा म्हणून स्नाइप्सने आधी बरीच खटपट केली होती, ती फळाला आली नाही. साडेचार कोटी डॉलरच्या आसपास खर्चाच्या या सिनेमाने जगभरात तेरा कोटींहून जास्त कमावले. मुलांना बंदी असलेला, रक्ताने माखलेला, कृष्णवर्णीय नायकाचा सिनेमा!

त्याची पहिली दहा मिनिटं आजही शिकवण्याच्या लायकीची आहेत. एक तरुणी एका भोळसट पोराला कत्तलखान्यातून, टांगलेल्या जनावरांच्या धडांमधून वाट काढत, एका नाचाच्या दालनात नेते. संगीत छातीत धडधडतंय. छतावरच्या, आग विझवण्याच्या फवाऱ्यांकडे सगळे माना वर करून पाहू लागतात, आणि त्यातून पाण्याऐवजी रक्त कोसळतं. आजूबाजूचे हसरे चेहरे सुळे दाखवू लागतात. पोरगा निसरड्या फरशीवरून रांगत सुटतो आणि त्याचा हात एका काळ्या बुटाला लागतो. गर्दी मागे सरते. इतक्या लाल चिखलात तो एकटा माणूस कोरडा उभा असतो. तो कोण, कुठला, याबद्दल फारसं काही न सांगता, सगळे त्याला किती घाबरतात एवढंच दाखवून नायकाची ओळख पूर्ण होते.

पण निव्वळ मारामारीवर हा सिनेमा इतकी वर्षं टिकला नसता. त्यातल्या व्हॅम्पायरांतही जन्माने श्रेष्ठ आणि चावा घेऊन बाटवलेले असे दोन वर्ग आहेत. खलनायक डीकन फ्रॉस्ट दुसऱ्या वर्गातला. भर बैठकीत त्याचं कूळ काढणाऱ्या म्हाताऱ्या ड्रॅगोनेटीला तो पहाटे समुद्रकिनाऱ्यावर नेतो, पकडीने त्याचे सुळे उपटतो आणि उगवत्या सूर्यापुढे सोडून देतो. दृश्य क्रूर आहे, पण त्यातली चीड कुठून येते हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. ब्लेड तर दोन्हीकडून उपरा. गरोदरपणात आईला व्हॅम्पायर चावलेला, त्यामुळे अर्धा माणूस, अर्धा व्हॅम्पायर. रक्ताची तहान मारायला त्याला औषध टोचावं लागतं. तेव्हा तो खुर्चीत स्वतःला जखडून घेतो, दातांत पट्टी धरतो आणि तडफडतो. शेजारी त्याचा गुरू, म्हातारा व्हिसलर असतो; ती भूमिका क्रिस क्रिस्टोफरसनची. आणि जिच्या मृत्यूचा सूड घ्यायचा ती आईच पुढे फ्रॉस्टच्या घरात जिवंत भेटते. ही वेदना मूळ अंकांत नव्हती. तिथला ब्लेड फक्त चाव्याला न बधणारा माणूस होता. सिनेमाने त्याला अर्धरक्ताचा केला आणि मग कॉमिक्सनेही सिनेमाचा कित्ता गिरवला.

आमच्या पिढीने हा सिनेमा पाहिला तो रात्रीच्या केबलवर आणि भाड्याच्या व्हीसीडीवर. ऐन मोक्याला पहिली तबकडी संपायची, दुसरी घालेपर्यंत खोलीत कुणी बोलायचं नाही. नारायण धारपांची ‘लुचाई’ वाचलेल्यांना रक्तपिपासू नवे नव्हते. नवं होतं ते त्यांच्यामागे हात धुऊन लागणारा माणूस असणं, आणि रक्तविज्ञानाची डॉक्टर कॅरन जेन्सन हिने देवाधर्माची आयुधं बाजूला ठेवून, रक्त गोठू न देणारं ईडीटीए हे प्रयोगशाळेतलं रसायन व्हॅम्पायरांवर चालवणं.

२००२ मध्ये गिएर्मो देल तोरोने ‘ब्लेड २’ प्रागमध्ये चित्रित केला. हनुवटी दुभंगून जबडा उलगडणारे त्यातले रीपर पाहिल्यावर जेवण जात नसे, पण त्यांचा म्होरक्या नोमाक बापाने टाकलेला मुलगा आहे हे कळल्यावर त्याची कणवही येई. मग २००४ चा ‘ब्लेड: ट्रिनिटी’. इथे गॉयर स्वतःच दिग्दर्शनाला बसले आणि ब्लेडलाच त्याच्या सिनेमात बाजूला सारलं गेलं. विनोदी टोमणे मारायला रायन रेनॉल्ड्स, धनुष्य घेऊन जेसिका बील, आणि नायक कोपऱ्यात. मालिकेचा जीव तिथेच गेला. २००५ मध्ये स्नाइप्सने स्टुडिओ आणि गॉयर यांच्यावर दावा लावला. २००६ ची दूरचित्रवाणी मालिका एका पर्वात आटोपली. २००७ च्या ‘थर्टी डेज ऑफ नाइट’ने अलास्कातल्या महिनाभराच्या रात्रीत खरी भीती जागवली, तोच काय तो दिलासा. २००८ मध्ये स्नाइप्स करप्रकरणात दोषी ठरला, ‘आयर्न मॅन’ आला आणि ‘ट्वायलाइट’ही आला. उन्हात राख होणारा व्हॅम्पायर उन्हात चमकू लागला. तो दशकभराचा थरार संपला. २०११ मध्ये कोरियन कॉमिक्सवरून काढलेला ‘प्रीस्ट’ आला आणि मागे काही न ठेवता गेला.

आज मार्व्हलच्या सिनेमाचा इतिहास २००० च्या ‘एक्स-मेन’पासून नाहीतर थेट ‘आयर्न मॅन’पासून सांगितला जातो. हे साफ चूक आहे. काळ्या पेहरावातले, गंभीर चेहऱ्याचे, कॉमिक्समधून आलेले नायक प्रेक्षकाला चालतात हे ‘ब्लेड’ने आधी सिद्ध केलं, म्हणून पुढच्यांना हिंमत झाली. आणि ज्याने पात्र लिहिलं त्या वुल्फमनच्या वाट्याला काय आलं? मालकीहक्कासाठी तो न्यायालयात गेला आणि २००० मध्ये हरला. श्रेयनामावलीत नाव, बाकी काही नाही.

आता सध्याचं. जुलै २०१९ मध्ये सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉनमध्ये मार्व्हलने दोन ऑस्करांचा मानकरी महेर्शाला अली याला नवा ब्लेड म्हणून उभं केलं. त्यानंतर बसाम तारिक दिग्दर्शक म्हणून आले, २०२२ मध्ये गेले. यान डेमांज आले, २०२४ मध्ये तेही गेले. पटकथा बदलत राहिल्या, तारखा पुढे सरकत राहिल्या. मध्यंतरी कथा १९२० च्या दशकात घडवायचं ठरलं होतं. त्यासाठी जमवलेले कपडे अखेर रायन कूगलरच्या ‘सिनर्स’मध्ये गर्दीतल्या कलाकारांच्या अंगावर आले. १९३२ च्या मिसिसिपीतला हा व्हॅम्पायरपट एप्रिल २०२५ मध्ये प्रदर्शित होऊन गाजलासुद्धा. दरम्यान स्नाइप्सला २०२४ च्या ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’मध्ये थोडा वेळ परत आणून टाळ्या घेतल्या, आणि त्याच वर्षी २८ सप्टेंबरला क्रिस्टोफरसनचं निधन झालं.

पैसा, नट, नाव, सगळं हाताशी असताना सिनेमा होत नाही, याचं कारण एकच. आजच्या मार्व्हलला जवळजवळ प्रत्येक चित्रपट पुढच्या दहांशी जोडायचा असतो आणि घरातल्या लहानग्यालाही दाखवायचा असतो. ब्लेड त्या साच्यात बसणारा नाही, त्याला बसवूही नये. न्यू लाइनसारखा एखादा छोटा, भूक असलेला स्टुडिओ, हट्टी दिग्दर्शक आणि प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र एवढं द्यायची तयारी नसेल, तर मार्व्हलने त्याला पुन्हा हात लावू नये. वाचकहो, १९९८ चा ‘ब्लेड’ पाहिला नसेल तर आधी तो पाहा, मग ‘सिनर्स’ पाहा. नव्या ‘ब्लेड’ची वाट पाहण्यात आता अर्थ नाही.