टेबल मांडलं कोणी?



मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, "सर, कामाचं तत्त्वज्ञान सांगताना तुम्ही शेतकरी, कारागीर, शिक्षक यांची उदाहरणं देता. पण जे काम झालेलं कुणाला दिसतच नाही, त्याचं काय?" प्रश्न आम्हाला आवडला, आणि खरं सांगायचं तर थोडा टोचलाही. का टोचला, ते पुढे येईलच.

आज आपण असंच एक काम घेऊ या. मोठ्या, पंचतारांकित हॉटेलच्या बँक्वेट हॉलमध्ये टेबलं-खुर्च्या मांडण्याचं काम. वाढप्याचं नाही, आचाऱ्याचंही नाही. पाहुणे यायच्या आधी हॉल उभा करायचा आणि ते गेल्यावर तो मोडायचा, एवढंच. हॉटेलातली मंडळी याला 'सेटअप' म्हणतात.

आमचा या कामाशी संबंध आला तो एका विद्यार्थ्यामुळे. मुंबईच्या एका कॉलेजात आम्ही सकाळी साडेसातचा वर्ग घ्यायचो. हा मुलगा मागून दुसऱ्या बाकावर बसायचा आणि दहा मिनिटांत झोपायचा. एकदा कांट शिकवताना आम्ही त्याला उठवलं आणि म्हणालो, "अरे, कांट रोज ठरल्या वेळेला फिरायला निघायचा. तुला निदान ठरल्या वेळेला जागं राहता येत नाही?" वर्ग हसला. तोही कसनुसा हसला. तास संपल्यावर जवळ येऊन म्हणाला, "सॉरी सर. रात्री तीनपर्यंत खुर्च्या उचलत होतो. शेवटची लोकल एकच्या सुमाराला जाते, मग लॉकर रूममध्ये फरशीवर पडलो आणि तिथूनच इकडे आलो."

पुढे दोन-तीन वर्षांत त्याच्याकडून आम्ही जे ऐकलं, ते आधी तुम्हाला सांगतो. कामाविषयी विचार करायचा तर आधी ते काम नेमकं काय आहे, हे कळायला हवं.

सुरुवात होते एका कागदापासून. त्याला 'फंक्शन प्रॉस्पेक्टस' म्हणतात, बोलताना नुसतं एफपी. कार्यक्रम कोणता, पाहुणे किती, हॉल किती वाजता हवा, मांडणी कोणती, जेवण काय, माइक किती, हे सगळं त्यात असतं. मांडणीचेही प्रकार आहेत. नुसत्या खुर्च्यांच्या रांगा म्हणजे थिएटर. पुढे अरुंद टेबलं लावली की क्लासरूम. टेबलं तीन बाजूंनी लावून चौथी बाजू मोकळी सोडली की यू-शेप. आणि लग्नाच्या रिसेप्शनला, जेवणावळीला गोल टेबलं. पाच फुटी टेबलाला आठ माणसं, सहा फुटीला दहा.

आता हिशेब करू या. सकाळी एका कंपनीची परिषद आहे, पाचशे खुर्च्या थिएटर पद्धतीनं. ती चारला संपते. सातला त्याच हॉलमध्ये रिसेप्शन आहे, पाचशे माणसांचं. म्हणजे तीन तासांत रांगा मोडायच्या, सहा फुटी पन्नास टेबलं आणायची, त्यांवर कापडं घालायची, प्रत्येक टेबलाभोवती दहा खुर्च्या लावायच्या, त्यांना कव्हरं चढवायची, मागे पट्टा बांधायचा, बुफेच्या लांब टेबलांना झालर लावायची आणि स्टेज जोडायचं. एक खुर्ची पाच किलोची धरा. पाचशे खुर्च्या म्हणजे अडीच हजार किलो. रात्री त्याच पुन्हा उचलायच्या, म्हणजे पाच हजार. माणसं दहा असली तर प्रत्येकाच्या वाट्याला पाचशे किलो, आणि हे नुसत्या खुर्च्यांचं. गोल टेबल उचलत नाहीत. पाय मिटून ते कडेवर उभं करतात आणि चाकासारखं गडगडत नेतात. ते कलंडलं तर पावलावर येतं.

यात कसबही आहे बरं का. टेबलं एका ओळीत आली पाहिजेत म्हणून दोरी धरतात. टेबल सहा फुटी, म्हणजे बहात्तर इंच, आणि उंची तीस इंच. कापड चारी बाजूंनी जमिनीला टेकायला हवं तर बहात्तर अधिक तीस अधिक तीस, म्हणजे एकशे बत्तीस इंचांचं लागतं. खुर्चीची पुढची कड कापडाला नुसती स्पर्श करेल इतकीच आत ढकलायची. जास्त ढकलली तर कापडाला घडी पडते. त्या मुलाला आम्ही एकदा विचारलं, "चांगला सेटअप कशावरून ओळखायचा?" तो म्हणाला, "सर, पाहुणा आत येतो आणि थेट बसतो. त्याच्या मनात काही येतच नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा. काम उत्तम झालं याची खूण अशी, की ते केलं गेलं आहे हे कुणाच्या मनात येऊ नये.

आता तत्त्वज्ञानाकडे वळू. हाना आरंट या विदुषीचं 'द ह्यूमन कंडिशन' हे पुस्तक १९५८ साली आलं. त्यात त्यांनी माणसाच्या सक्रिय जीवनाचे तीन भाग केले. पहिला श्रम: जगण्यासाठी रोज करावा लागणारा आणि मागे काही न ठेवणारा. स्वयंपाक केला, संपला, उद्या पुन्हा. दुसरी निर्मिती: टिकणारी वस्तू घडवणं. सुतारानं केलेलं टेबल त्याच्या मागेही राहतं. तिसरी कृती: माणसांनी माणसांसमोर येऊन बोलणं, ठरवणं, काही नवं सुरू करणं. आरंट यांच्या मते माणूस 'कोण' आहे, हे या तिसऱ्या प्रकारात दिसतं.

मग सेटअप यातल्या कोणत्या खणात बसतो? पहिल्यांदा वाटतं, श्रमात. पहाटे तीनला हॉल पुन्हा रिकामा, मागे काही नाही. पण थोडं थांबा. आरंट यांनी त्याच पुस्तकात एक फार सुंदर दृष्टान्त दिला आहे. त्या म्हणतात की आपलं सामायिक जग हे भोवती बसलेल्या माणसांच्या मधल्या टेबलासारखं असतं. ते माणसांना जोडतं आणि वेगळंही ठेवतं. टेबल अचानक नाहीसं झालं तर समोरासमोरची माणसं वेगळी राहत नाहीत, पण त्यांच्यात जोडणारंही काही उरत नाही.

आम्ही हा दृष्टान्त वर्षानुवर्षं शिकवला. त्या मुलाची गाठ पडेपर्यंत एक साधा प्रश्न आमच्या डोक्यात आला नव्हता: ते टेबल मांडलं कोणी? माणसं भेटावीत, बोलावीत, लग्नं लागावीत, करार व्हावेत, यासाठीची जागा कुणीतरी अंगमेहनतीनं तयार करतं. म्हणजे सेटअप हा श्रम खरा, पण दुसऱ्यांच्या कृतीसाठी जागा करून देणारा श्रम. आणि तो करणारा मात्र त्या टेबलाशी कधी नसतो.

तो दिसू नये अशी व्यवस्थाच असते. अर्व्हिंग गॉफमन हे समाजशास्त्रज्ञ १९४९ ते १९५१ या काळात स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवर अभ्यासासाठी राहिले होते. तिथल्या एका लहान हॉटेलातलं स्वयंपाकघर आणि पाहुण्यांची बाजू यांतला फरक त्यांनी बारकाईनं पाहिला, आणि त्यातून 'पुढची बाजू' आणि 'मागची बाजू' ही कल्पना स्पष्ट केली. पुढे नाटक चालतं, मागे नाटकाची तयारी. मोठ्या हॉटेलात हे भिंती बांधूनच केलेलं असतं. कामगारांचं दार वेगळं, लिफ्ट वेगळी, कॉरिडॉर वेगळा. पुढे गालिचा, मागे उघडा सिमेंट आणि ट्रॉल्यांचे ओरखडे.

आता तो टोचण्याचा भाग. एकदा अशाच एका हॉटेलात चर्चासत्र होतं आणि आम्ही वक्ते होतो. विषय होता नीतिमूल्यांचं शिक्षण. सवयीप्रमाणे आम्ही तासभर आधी पोचलो. हॉलमध्ये शेवटची रांग सरळ करत, गुडघ्यावर बसून आमचा हाच विद्यार्थी दोरी धरून होता. त्यानं वर पाहिलं. आम्हाला ओळखलं, आणि नजर खाली घेतली. आमच्याबरोबर संस्थेचे विश्वस्त होते, गप्पा चालल्या होत्या. आम्ही त्याला हाक मारली नाही. पुढे जाऊन त्यानेच लावलेल्या खुर्चीवर बसलो आणि तासाभरानं माणसाच्या प्रतिष्ठेवर बोललो.

कांटनं १७८५ च्या ग्रंथात सांगितलेलं तत्त्व तुम्हाला ठाऊक आहे: माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, त्याच वेळी साध्य म्हणूनही वागवावं. यातला 'केवळ' हा शब्द विद्यार्थी नेहमी गाळतात. आपण एकमेकांचा साधन म्हणून उपयोग करतोच. रिक्षावाला आपलं साधन असतो आणि आपण त्याच्या भाड्याचं. त्यात पाप नाही. चूक घडते ती त्या 'केवळ'पाशी, समोरच्यात साधनापलीकडे काही आहे याची दखलच घेतली नाही की. त्या सकाळी आम्ही नेमकी तीच चूक केली.

यावर दोन आक्षेप येतात. दोन्ही ऐकण्यासारखे आहेत.

पहिला आक्षेप गीतेचा आधार घेऊन येतो. फळाची आशा न धरता कर्म करावं, मग दिसलं काय, न दिसलं काय? आमचं म्हणणं असं, की निष्काम कर्म हा स्वतःला करायचा उपदेश आहे. मी माझ्या कामाविषयी तो स्वीकारू शकतो. ज्याच्या घामाचं फळ मी घेतो, त्याला मी तो ऐकवू लागलो, की तो उपदेश राहत नाही, ती माझी सोय होते.

दुसरा आक्षेप जुन्या आठवणींचा. आपल्याकडे लग्नात घरचीच माणसं वाढायची, पाट मांडणारी, पाणी वाढणारी पोरं शेवटच्या पंगतीला बसायची, मग आतल्या-बाहेरच्याचा प्रश्न कुठे होता? यात तथ्य आहे. आज वाढणारा उद्या बसणारा असायचा, जागा बदलायच्या. पण आठवण अर्धी ठेवू नये. पंगतीत कोण बसणार आणि कोण मांडवाबाहेर थांबणार, हे जात ठरवायची. उष्ट्या पत्रावळी उचलणाऱ्याला शेवटच्या पंगतीतही जागा नव्हती. तेव्हा मागे जाऊन उत्तर सापडणार नाही.

त्या प्रसंगाबद्दल आम्ही त्याची माफी मागितली, पण बऱ्याच उशिरा, तो बी.ए. होऊन गेल्यावर. तो म्हणाला, "सर, बरं झालं हाक नाही मारलीत. पाहुण्याशी बोलत उभा राहिलो असतो तर कॅप्टन मलाच ओरडला असता." मग हसत म्हणाला, "आणि सर, पाचशे खुर्च्या असायच्या, पण बसायचं झालं की आम्ही स्टोअरमध्ये ग्लासांच्या उलट्या क्रेटवर."

या उत्तरानं आमचा विचार पुढे सरकला. आम्ही मानत होतो, की प्रश्न आमच्या सौजन्याचा आहे. हाक मारली असती, चार शब्द बोललो असतो, तर झालं असतं. पण त्या सौजन्याचा भुर्दंड त्यालाच पडला असता. नियम जर माणसाला अदृश्य ठेवत असेल, तर एकट्या-दुकट्याचा चांगुलपणा तिथे पुरत नाही. नियमच बदलावा लागतो.

असे नियम बदलतात, याचं एक उदाहरण आपल्या जवळचं आहे. केरळमध्ये कोळिकोडच्या कापडदुकानांतल्या विक्रेत्या बायकांना दिवसभर उभं राहावं लागायचं, गिऱ्हाईक नसलं तरी. त्यांनी बसण्याच्या हक्कासाठी चळवळ केली. २०१८ मध्ये केरळनं दुकानं आणि आस्थापनांच्या कायद्यात दुरुस्ती करून बसण्याची सोय बंधनकारक केली. २०२१ मध्ये तमिळनाडूनंही तशी दुरुस्ती केली. किती साधी मागणी आहे बघा: एक स्टूल, आणि काम नसेल तेव्हा त्यावर टेकायची मुभा. तरीही त्यासाठी कायदा लागला.

तेव्हा आमचं आजचं म्हणणं एवढंच. कामाची खूण दिसू नये, हे त्या कामाचं कसब असू शकतं. त्याचा अभिमान त्या मुलाला होता आणि तो रास्त होता. पण काम न दिसणं एक, आणि माणूस न दिसणं दुसरं. पहिल्यातून दुसरं आपोआप येत नाही, ते कुणीतरी ठरवलेलं असतं. म्हणून ते बदलताही येतं.

तुमच्यापैकी कुणी मुलाच्या लग्नासाठी, संस्थेच्या कार्यक्रमासाठी हॉल ठरवणार असाल, तर तुमचा एफपी बनताना तीन प्रश्न विचारा. आधीचा कार्यक्रम संपल्यावर मांडणी करणाऱ्यांना किती तास मिळणार आहेत? ती माणसं केव्हा आणि कुठे बसून जेवणार आहेत? आणि रात्री तीनला सुटल्यावर घरी कशी जाणार आहेत? पैसे मोजणाऱ्यानं विचारलेल्या प्रश्नाची नोंद हॉटेलात घेतली जाते. कागदावर तेवढी एक ओळ वाढली, तरी ती पुष्कळ आहे.

इथे थांबू या. प्रश्न असतील तर घेऊ. आणि हो, इथल्या या खुर्च्या आज सकाळी ज्यांनी मांडल्या, ते दोघे मागे दाराशी उभे आहेत. शेवटच्या रांगेत जागा रिकामी आहे. या, बसा ना.